पंचतारांकित उपास

पंचतारांकित हॉटेलात चार दिवस राहून, तिन्ही वेळचं जेवण भाड्यातच धरलेलं असताना, उपाशी परत येणारा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. हे एकदा झालं असतं तर मी गप्प बसले असते. माणसाचं पोट बिघडतं, आचाऱ्याचा हात बिघडतो, होतं कधीकधी. पण आमचे दाजी गोव्यात समुद्राकाठी उपाशी राहिले, केरळात नारळीच्या बनात उपाशी राहिले आणि राजस्थानात तळ्याकाठच्या एका राजवाड्याचं हॉटेल केलंय, जिथं भिंतीवरच्या तसबिरीतले राजेसुद्धा जेवून सुस्तावलेले दिसतात, तिथंही उपाशी राहिले. परत आले की दर वेळी मला नांदेडला फोन. "मेव्हणीबाई, हाटेल लई झकास हाय बगा. गादी अशी की बसलेला माणूस सापडायचा न्हाई. समुद्र तर खिडकीतच आनून ठिवलाय. फकस्त जेवाय घालत न्हाईत." मी म्हणायची, "अहो दाजी, पण तुम्ही मागितलं का?" त्यावर पलीकडं अशी शांतता पसरायची, की मी त्यांना कटोरा घेऊन चौकात बसायला सांगितलंय असंच वाटावं.

दाजी निलंग्याचे. सगळी नोकरी त्यांनी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे एका कोंदट खोलीत बसायचं, लातूरची गाडी, उदगीरची गाडी, शिरूर अनंतपाळमार्गे जाणारी गाडी असा भोंग्यातून पुकारा करायचा, साऱ्या तालुक्याला गाडीत बसवून द्यायचं आणि आपण तिथंच राहायचं. गाडी चुकलेला माणूस हा मग दाजींचा हक्काचा पाहुणा. कुणाची शेवटची गाडी गेली की दाजी त्याच्या पिशवीला हात घालून त्याला घरीच घेऊन यायचे. कोण, कुठला, कुणाचा, काही विचारायचं नाही. एकच प्रश्न, "भाकर खाल्ली का?" दाजींच्या वडिलांनी त्यांच्या काळात गावातल्या हॉटेलाबाहेर उकिडवं बसून वेगळ्या कपात चहा प्यायलेला. तो कप आपला आपण विसळायचा आणि परत वळचणीला खोचून ठेवायचा. दाजी ही गोष्ट कधी गळा काढून सांगत नाहीत. "आपल्या दारातनं कुणी उपाशी जायचं न्हाई," एवढंच म्हणतात आणि पुढचा माणूस धरून आणतात.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर दाजींचा उपास कुणाला कळणारच नाही. आमच्याकडं पहिल्यांदा वाढलेलं माणूस घेत नाही. घेतलं तर तो हावरट. पहिलं "नको" हे घरचं वळण, दुसरं "नको" ही लाज, आणि तिसऱ्यांदाही "नको" आलं तर मग कुठं वाढणाऱ्यानं त्याच्या पोटाचा विचार करायचा. वाढणाऱ्यानं पहिल्या नकोला माघार घेतली, तर त्याच्यासारखा कंजूष नाही. दाजी या कलेतले उस्ताद. बिलोलीचा एक विमा एजंट त्यांच्याकडं जेवायला बसला होता. तिसऱ्या भाकरीनंतर त्यानं जिवाच्या आकांतानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. दाजींनी शांतपणे मटणाचा रस्सा त्याच्या हातांवरच ओतला आणि वर म्हणाले, "हात काडा की, शर्टावर यील." आमचे हे लग्नानंतर पहिल्यांदा निलंग्याला गेले, तेव्हा हात धुवायचं निमित्त करून गच्चीवर पळाले. दाजी ताट घेऊन गच्चीवर. खाली उतरल्यावर यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुमच्यात जावयाला मारायची अशी पद्धत आहे का?"

स्वतः पाहुणे म्हणून कुठं गेले की दाजी तितकेच कडक. चहा आला की "नको नको, आत्ताच घेऊन आलो." पोहे आले की "छे छे, पोट लई गच्च हाय." तोंड अर्धं भिंतीकडं वळवलेलं, तळहात पुढं धरलेला, ताट मात्र दोन बोटं यजमानाच्या बाजूला सरकलेलं. आमच्या जिल्ह्यात ही भाषा शेंबड्या पोरालाही कळते. गोव्याच्या वेटरला कळत नाही, एवढीच साऱ्या प्रकरणातली गोम.

पण दाजी या हॉटेलांच्या नादी लागले कसे? ते आमच्या अक्कामुळं. दाजी माणसं धरून आणायचे, पण चुलीपुढं कोण? अक्का. दाजी वाढायचे, पण भाकरी थापायची कुणी? अक्कानं. सगळ्यांचं झालं की मग ती जेवायची, म्हणजे उरलं असेल ते खायची. आणि दाजींचा आग्रह संपल्यावर उरायचं काय, हे मी सांगायला नको. दाजी रिटायर झाले त्या दिवशी घरी मोठं जेवण झालं. डेपोतले, गल्लीतले, सगळे आले. भाषणं झाली. हा माणूस म्हणजे चालतंबोलतं अन्नछत्र, असं कुणीकुणी म्हणालं. माणसं गेल्यावर दाजी पाणी प्यायला आत गेले, तर अक्का पिठाच्या डब्याला टेकून मूठ-मूठ चुरमुरे खाऊन राहिलेली. दाजी म्हणाले, "अगं, जेवली न्हाईस?" अक्का म्हणाली, "संपलं." तक्रार नाही, काही नाही. पावसाची चौकशी केल्यावर सांगावं तसं सांगितलं. दाजी मला म्हणाले होते, "मेव्हणीबाई, माझ्या गळ्यात हार तसाच व्हता बगा. काडावा का ठिवावा कळंना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, "आता हिला अशा जागी नेनार, जिथं हिनं बसायचं आन लोकांनी वाढायचं. गरम. पोट भरस्तोर. हिनं उठायचं न्हाई." मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो म्हणाला, "मग बाबा, भारीतलंच हॉटेल लावून देतो." दाजींना एवढी एकच गोष्ट हवी होती आणि आजही त्यांनी दुसरं काही मागितलेलं नाही. समुद्र, डोंगर, राजवाडे हे सगळं त्या एका ताटाच्या मागं आपोआप आलं.

पहिला मान गोव्याचा. निघताना दाजींनी मॅनेजरसाठी टॉवेल-टोपी घेतली, मॅनेजरच्या बायकोसाठी खण घेतला. मी म्हणाले, "दाजी, तिथं पैसे भरून राहायचं असतं." ते म्हणाले, "पैसे खोलीचे. चार दिस ज्याच्या घरी राहायचं, त्याचा मान नगं का करायला?" दारातच एक मुलगी शंखांची माळ आणि शहाळ्याच्या पाण्याचे पेले घेऊन सामोरी आली. अक्काचा घसा वाळलेला. दाजींनी तळहात पुढं केला, "नको नको, आत्ताच घेऊन आलो." मुलगी गोड हसली, "ओके सर," म्हणाली आणि पेले घेऊन निघून गेली. दाजी तिच्या पाठीकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, आत जाऊन थोरल्या कुणाला घेऊन येईल. कुणी आलं नाही. मॅनेजरनं मात्र डोक्यावर टोपी घालून घेतली आणि ती घालून तो दिवसभर फिरला, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

अक्काची वेगळीच तऱ्हा. खोली आवरायला मुलगी यायच्या आत ती उठून चादरींच्या घड्या घालायची, कप विसळायची, न्हाणीघर घासून काढायची. "कुणाच्या लेकीनं आपलं अंथरूण का काडावं?" म्हणायची. ती मुलगी बिचारी दारात येऊन परत जायची. तिला वाटायचं, या खोलीत अजून कुणी राहायलाच आलं नाही. सकाळच्या नाश्त्याला लांबलचक टेबलावर पदार्थ मांडलेले, ज्यानं त्यानं घ्यायचे. आता जिथं माणसं हातात ताटली घेऊन भांबावल्यासारखी हिंडून राहिलीत, तिथं आमची अक्का खुर्चीवर बसेल होय? पदर खोचून ती टेबलाच्या पलीकडं गेली आणि वाढायला उभी राहिली. एक गोरं जोडपं आलं, त्यांना इडली वाढली. त्यांनी डोकं हलवलं, तर तिला वाटलं पहिलं नको, म्हणून आणखी दोन वाढल्या. तासाभरात तिच्यापुढं रांग लागली. ऑम्लेटवाला तिच्या हाताखाली अंडी फोडून देऊ लागला. नाश्त्याची वेळ संपली, भांडी आत गेली आणि अक्का तिथंही उपाशीच राहिली.

आणि तो पोहायचा तलाव! त्या हॉटेलातला तलाव समुद्राच्या बाजूनं काठोकाठ भरून सतत वाहत असतो. तलाव कुठं संपला आणि समुद्र कुठं सुरू झाला, ते कळू नये म्हणून मुद्दाम तसा बांधलेला. लोक फोटो काढायला तिथं येतात. आमच्या दाजींनी तो पाहिला आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. अहो, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं. आठवड्यानं नळाला पाणी आलं की माणूस लग्न टाकून घरी पळतो. तो माणूस एवढं पाणी वाहून जाताना बघेल आणि गप बसेल? "हौद भरून वाहून राहिलाय आन कुणाचं ध्यान न्हाई!" दाजी काउंटरवर सांगून आले. तिथली मुलगी म्हणाली, "येस सर, ब्यूटिफुल." मग दाजींनी स्वतःच झुडपांमागं शोध घेतला, त्यांना एक व्हॉल्व्ह सापडला आणि तो त्यांनी अंगातला सगळा जोर लावून बंद केला. संध्याकाळपर्यंत पाणी काठाच्या खाली उतरलं, आतली हिरवी शेवाळी कड उघडी पडली आणि फोटोला आलेल्या नव्या नवरीनं रडून गोंधळ घातला. दाजी मला फोनवर अभिमानानं सांगत होते, "निम्मा हौद वाचवला बगा."

केरळात आणखी मजा. तिथं खोलीमागं एक बटलर दिलेला. हाक मारली की हजर. ओडिशाकडचा, विशी-बाविशीतला, गुणी मुलगा. दाजींना वाटलं, चला, हा तरी वाढील. पण तो दारात येऊन विचारायचा, "कुछ चाहिए सर?" आणि दाजी रीतीप्रमाणं म्हणायचे, "कुछ नक्को बेटा." की तो गेला. दुसऱ्या दिवशी दाजींना त्याचीच दया आली. "दिसभर उबा असतो बिचारा. तू जेव्या क्या?" असं विचारून त्यांनी त्याला आत घेतलं, गादीवर बसवलं, अक्कानं पिशवीतले धपाटे काढले, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि दाजींनी त्याला असं काही आग्रह करकरून खाऊ घातलं की तो पोरगा नंतर दोन वेळा घंटी वाजवूनही आला नाही. झोपला होता म्हणे. थोडक्यात, आमच्या मंडळींनी एवढं भाडं भरून तिथल्या बटलरची सरबराई केली आणि आपण उरलेल्या धपाट्यांवर दिवस काढले.

राजस्थानहून आल्यावर अक्कानं पाय रोवले. ती सहसा बोलत नाही, पण बोलली की तुकडा पाडते. "आता मला कुठं न्यायचं न्हाई. हितं निदान उरलेलं तरी मिळतंय. तितं त्येबी न्हाई." दाजींचा चेहरा पडला. त्यांनी मला फोन केला, पण या खेपेला हॉटेलची तारीफ नाही की काही नाही. म्हणाले, "पोरगं अंदमानचं तिकीट काडून बसलंय. ही यकदाच यील, शेवटचं, असं म्हनली हाय. तुमी दोघंबी चला. तुमी तिला खुर्चीवर धरून ठिवा, बाकीचं म्या बघतो. मेव्हणीबाई, हे जमलं न्हाई तर मग कवाच जमायचं न्हाई." नेहमी चेष्टेवर जाणारी मी, पण तो आवाज ऐकून मी चेष्टा तिथंच ठेवली. मी शाळेत रजा टाकली.

अंदमानचं ते हॉटेल मी काय वर्णावं! पांढरी वाळू, पायाखाली चुरचुरणारी. पाणी इतकं निळं की आमचे हे म्हणाले, "यात नीळ घातली असावी." जेवणाची जागा समुद्रात थोडी पुढं गेलेल्या लाकडी मचाणावर. पांढरे टेबलक्लॉथ, उंच पेले, हात पुसायच्या कापडांची घडी घालून कमळं केलेली. ते कमळ मोडायला अक्काचा हात होईना. दाजी दुपारीच तिथल्या मुख्य माणसाला गाठून आले होते. हा काळ्या कोटातला, अदबशीर, पिकल्या मिशांचा माणूस. दाजींनी त्याला आपल्या दख्खनी हिंदीत आमची सगळी रीत समजावून सांगितली. "देखो साहब, हमारे उधर एक बार नक्को बोले तो वो नक्को नई रहता. हमारे घरवाली को तीन बार पूछने का. पीछे हटने का नई. समझे?" त्या भल्या माणसानं मान डोलावली आणि पोरांना तसं बजावलंही.

सूर्य बुडायच्या बेतात असताना आम्ही बसलो. मी अक्काच्या शेजारी, माझा हात तिच्या मनगटावर. पहिली ताटली आली, आमच्या परातीएवढी, आणि तिच्या मधोमध लिमलेटच्या गोळीएवढं काहीतरी. दाजींनी ते चाखून पाहिलं आणि म्हणाले, "चव चांगली हाय. आना म्हनावं आता." त्यांना वाटलं, स्वयंपाक कसा जमलाय हे बघायला आधी थोडं दिलंय. तेवढ्यात ताटल्या उचलल्या गेल्या. दुसरी आली, तीही तशीच. आमचे हे खाली मान घालून हसू दाबत होते. मग भात आणि नारळाच्या दुधातली मासळी आली. हे भांडं मात्र भांड्यासारखं होतं, वाफ निघत असलेलं. वेटरनं ते हातात धरलं, ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "मोअर मॅडम? मोअर मॅडम? मोअर मॅडम?" शाळेत हजेरी घ्यावी तसं. तीनदा विचारून झालं, त्याचं काम संपलं.

आणि अक्का काय म्हणाली? ती नको म्हणालीच नाही. ती दाजींकडं हात करून म्हणाली, "यांना वाढा आधी." वेटर दाजींकडं गेला. परत आला, पुन्हा तीनदा विचारलं. "पाव्हण्यांना वाढा. माझ्या बहिणीला वाढा." तो बिचारा टेबलाभोवती फिरून राहिला, आमची ताटं भरत राहिली, अक्काचं ताट स्वच्छ पांढरं. माझ्या हाताखाली तिचं मनगट उठायला धडपडत होतं, आता ती भांडंच हातात घेणार होती. मला रडावं की हसावं कळेना. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि तीच निलंग्याची तऱ्हा.

दाजी उठले. वेटरच्या हातातून त्यांनी भांडं काढून घेतलं, आपली खुर्ची मागं सारली आणि टेबलाला वळसा घालून अक्काच्या बाजूला आले. मचाणावरची बाकीची माणसं बघायला लागली. काळ्या कोटातला तो मिशांचा गृहस्थ पुढं येऊ लागला आणि कोण जाणे काय वाटलं, जागीच थांबला. दाजी वाकले. त्यांनी अक्काच्या ताटात भात वाढला, वर मासळी घातली, रस्सा घातला. पाठ ताठ करून, पळी भरून ते तयार उभे राहिले. आता ती नको म्हणेल, मग आपण म्हणू एवढं माझ्यासाठी, मग ती पुन्हा नको म्हणेल, मग आपण गळ्याची आण घालू. आयुष्यभराची सारी तयारी त्यांच्या चेहऱ्यावर होती. अक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि खाली मान घालून जेवायला लागली.

ताट संपलं. दाजींनी वाढलं. ती जेवली. पुन्हा वाढलं. ती जेवली. हात आडवा नाही, मान वळवली नाही, पुरे नाही. दाजी गोंधळलेच. एवढी माणसं जेवू घातली, पण असं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलं नव्हतं. शेवटी ते खाली वाकून हळूच म्हणाले, "अगं, यकदा तरी नको म्हन की."

अक्का घास गिळून म्हणाली, "नको कामून म्हनू? भूक लागली हाय."

दाजींच्या हातातली पळी तशीच राहिली. डोळे पुसावेत तर एका हातात भांडं, एका हातात पळी. मी उठणार होते, पण आमच्या ह्यांनी मला खाली बसवलं. मग दाजींनी त्या मिशांच्या माणसाकडं भांडं पुढं केलं. तो स्वतः आत जाऊन ते भरून घेऊन आला, आणि आणताना काही विचारलं नाही त्यानं. अंधार पडला, टेबलावर दिवे लागले. अक्का सावकाश जेवत होती. त्या सबंध जेवणात तिनं आम्हाला कुणालाही "तुम्ही जेवलात का?" असं एकदाही विचारलं नाही. मी तिची सख्खी बहीण, पण तिला असं बसून जेवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सकाळी दाजी वाळूत एकटेच बसले होते. मी नेहमीप्रमाणं चिडवायला गेले, "काय दाजी, शेवटी वेटरचीच नोकरी धरली ना?" ते हसले नाहीत. म्हणाले, "मेव्हणीबाई, म्या साऱ्या दुनियेला तीनतीनदा इचारलं. हिला यकदाबी इचारलं न्हाई. तिला भूक लागती, हे मला ठावंच नव्हतं." मग समुद्राकडं बघून म्हणाले, "पानी मातर लई हाय हितं." मला वाईट वाटलं आणि त्यांची मायाही आली.

त्यानंतर ते कुठं गेले नाहीत. मुलगा अजून हॉटेलांचे फोटो पाठवत असतो, दाजी ते मला पाठवतात, खाली आपलं मत लिहितात, "खिडकी बारकी हाय." आता दाजींचं वय झालंय. स्टँडवर गाडी चुकलेली माणसं फोन करून दुसरी गाडी बोलावतात. जे जुने पाहुणे येतात, त्यांना शुगर, बीपी, पथ्यं. ते नको म्हणतात आणि खरोखरच नको म्हणतात, खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवतात. दाजी बिचारे भाकरी हातात घेऊन उभे असतात. घरात एक मात्र झालंय. पहिलं ताट अक्काचं. ती बसते आणि दाजी वाढतात. हात थोडा थरथरतो, त्यामुळं रस्सा कधी ताटात, कधी लुगड्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत मी निलंग्याला गेले होते. आम्ही दोघी बहिणी जेवायला बसलो, दाजी वाढायला. पहिली भाकरी झाली, दुसरी घेऊन दाजी आले, आणि अक्कानं चक्क हात आडवा धरला. "नको. पुरे झालं. लई झालं." दाजींचे डोळे असे चमकले म्हणता! पंचवीस वर्षांनी धाकटे झाले. "असं कसं लई झालं? येवडी घे. बरं, अर्धी. माझ्या गळ्याची आन हाय बग!" ती नको नको करतेय, ते वाकून वाकून वाढतायत, चांगला दहा मिनिटं तमाशा चालला. शेवटी भाकरी तिच्या ताटात पडली आणि दाजी चटणी आणायला विजयी मुद्रेनं आत गेले.

मी अक्काला हळूच विचारलं, "काय गं, पोट बरं आहे ना? खरंच नको होतं का?"

"नको कशाचं? चांगली भूक हाय," अक्का म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. "पर आता सारेच खरंखरं नको म्हनाय लागलेत गं. मग त्या माणसानं आग्रह करायचा कुनाला?"

आतून दाजींनी विचारलं, चटणी ओली हवी की सुकी. अक्का म्हणाली, "नको, काहीच नको," आणि त्यांची वाट बघत बसली.